सोवारचे घड्याळ

दादींच्या इंतकालानंतर चाळीस दिवसांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत जुने रेशन कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, एक जानमाज आणि तिच्या घडीत रुमालात बांधलेले एक मनगटी घड्याळ निघाले. पट्टा गळून गेलेला, काच पिवळी पडलेली, डायल चहा सांडल्यासारखी झालेली. डायलवर रोमन लिपीत वर 'वेस्ट एंड वॉच कंपनी' आणि त्याखाली 'सोवार प्राइमा' एवढे वाचता आले. घड्याळ दादांचे. दादांना मी पाहिले नाही. ते राजुऱ्याचे, बल्लारशाहला रेल्वेत पॉइंट्समन होते आणि माझ्या जन्माआधीच अल्लाहला प्यारे झाले. अब्बा वीज केंद्रात नोकरीला लागले तेव्हापासून आमचे घर ऊर्जानगरचे. राजुरा आमच्यासाठी कब्रस्तानात फातेहा पढायला जाण्यापुरता उरला.

घड्याळ मी चंद्रपूरच्या गोल बाजाराजवळ बसणाऱ्या एका वृद्ध घडीसाजांकडे नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण न उघडताच घड्याळ कानाशी धरून हलवले आणि म्हणाले, "बेटी, मशीन अच्छी है. डायल गई है. मुंबई भेजकर रीडायल करवा दूँ? नई जैसी चमकेगी." मी हो म्हणणारच होते. नवीन दिसणारी वस्तू कोणाला नको असते? पण शाळेची घाई होती. "सोचकर बताती हूँ," म्हणून घड्याळ पर्समध्ये टाकून निघाले.

त्याच उन्हाळ्यात मावसबहिणीच्या निकाहासाठी मुंबईला जाणे झाले. दक्षिण मुंबईत भावासोबत फिरताना एका दुकानाची काच दिसली. दुकान कसले, गारेगार दिवाणखानाच. आत मखमलीवर एकेक घड्याळ, प्रत्येकावर वेगळा दिवा. सगळी जुनी किंवा कोणी तरी आधी वापरलेली. तिथला मुलगा मोठा अदबशीर होता. आम्ही घेणार नाही हे त्याने ओळखले असणार, तरी माहिती नीट दिली. हे 'प्री-ओन्ड', ते 'व्हिंटेज'. आमच्याकडे 'जुने' म्हटले की किंमत उतरते, तिथे 'प्री-ओन्ड' म्हटले की चढते. एका घड्याळाचा आकडा ऐकून मी मनात माझ्या पगाराने भागून पाहिला, मग तो नाद सोडला.

मात्र त्याचे एक वाक्य मी बरोबर घेऊन आले. आयताकृती, साध्याशा दिसणाऱ्या एका घड्याळाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मॅडम, याच्या डायलला कोणी हात लावलेला नाही, म्हणून ही किंमत. रीडायल असती तर अर्धीसुद्धा मिळाली नसती." माझ्या पर्समध्ये दादांचे घड्याळ होते. ते बाहेर काढायचे धाडस झाले नाही.

ते आयताकृती घड्याळ म्हणजे 'रेव्हर्सो'. त्याचा जन्म आपल्याच मातीशी जोडलेला आहे. सेझार द त्रे हा स्विस व्यापारी १९३० च्या सुमारास हिंदुस्थानात आला होता. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच्यापुढे अडचण मांडली की खेळात घड्याळाची काच फुटते, काहीतरी करा. कंपनी सांगते ती कहाणी अशी आहे. पुढे रने-अल्फ्रेद शोवो या अभियंत्याने घड्याळाची पेटी चौकटीत सरकवून उलटी करता येईल अशी रचना केली आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. खेळताना काच आत, पोलादी पाठ बाहेर. म्हणजे साहेब घोड्यावर बसून चेंडू मारणार, त्याच्या घड्याळाची काच वाचावी म्हणून युरोपातले कारागीर कामाला लागले.

आता दादांच्या घड्याळावरचा शब्द पाहा. 'सोवार' म्हणजे आपला 'सवार', फारसीतला घोडेस्वार. ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेत हा हुद्दा होता. पायदळात शिपाई, तसा घोडदळातला साधा सैनिक 'सोवार'. वेस्ट एंड ही कंपनी स्वित्झर्लंडच्या सेंट-इमिये गावाची. १८८६ पासून तिचे हे नाव चालत आले. नाव लंडनच्या एका उंची वस्तीचे, घड्याळे स्विस आणि बाजारपेठ मुंबई व कलकत्ता. तिच्या घड्याळांचा मुख्य गिऱ्हाईक हिंदुस्थानातला फौजी, रेल्वेवाला, सरकारी नोकर. म्हणून तिने आपल्या एका घड्याळाला त्या गिऱ्हाइकाचेच नाव दिले. बादशहाचे, लाटसाहेबाचे नव्हे, साध्या घोडेस्वाराचे. मला तरी हे फार विलक्षण वाटते. युरोपातल्या डोंगरात बनलेल्या घड्याळाच्या तोंडावर उर्दू-मराठीतला एक शब्द छापला जातो, कारण घड्याळ विकत घेणारा तो शब्द बोलतो.

मनगटी घड्याळ पुरुषाच्या हातात आले तेच मुळी फौजेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ते बायकांचे भूषण समजले जाई. पुरुष खिशात साखळीचे घड्याळ ठेवीत. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या सैनिकाला खिशात हात घालायची फुरसत नव्हती. तोफा कधी सुरू व्हायच्या, हल्ला कधी चढवायचा हे मिनिटांवर ठरू लागले. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. मेसोपोटेमियापासून फ्रान्सपर्यंत लढणाऱ्या या माणसांत मुसलमान सैनिक मोठ्या संख्येने होते. परत आलेल्या कितीतरी जणांनी वेळ पाहण्याची सवय मनगटावर बांधून आणली.

'प्राइमा'बद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. घड्याळाच्या मशीनमध्ये एक चाक सतत डावी-उजवीकडे डोलत असते, त्याला बॅलन्स म्हणतात. त्या काळच्या बहुतेक घड्याळांत ते ताशी १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. हे चाक ज्या आसावर डोलते त्याची टोके केसाइतकी बारीक असतात आणि कृत्रिम माणकाच्या इवल्या वाटीत टेकलेली असतात. घड्याळ हातातून पडले की पहिले तेच टोक तुटते. घडीसाजांचे निम्मे पोट यावर चालायचे. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये 'इन्काब्लॉक' नावाची युक्ती निघाली. माणकाची वाटी एका नाजूक स्प्रिंगवर बसवायची, म्हणजे धक्का बसला की ती थोडी सरकते आणि परत जागेवर येते. ही युक्ती अगदी सुरुवातीला ज्या घड्याळांत बसवली गेली त्यांत १९३४ चे सोवार प्राइमा होते. रेव्हर्सोनंतर अवघ्या तीन वर्षांनी. दोन्ही घड्याळे घोड्याच्या पाठीवर धक्के खाणाऱ्या माणसासाठी. साहेबाचे काच वाचवायला, सवाराचे आस वाचवायला. साहेबाचे आज मखमलीवर आहे, सवाराचे पत्र्याच्या पेटीत.

पण एका पॉइंट्समनला स्विस घड्याळ कशाला हवे होते, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधताना मी घड्याळापेक्षा वेळेच्याच इतिहासात शिरले.

मुसलमानाच्या घरात वेळ सूर्यावर चालते. फजर पहाटेच्या उजेडावर, जोहर सूर्य कलल्यावर, मगरिब सूर्य बुडाल्यावर. ढगाळ दिवशी काय करायचे? चौदाव्या शतकात दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने फिरोजाबादेत 'तास-ए-घडियाल' बसवला, असे शम्स सिराज अफीफ याने आपल्या तवारीखमध्ये लिहून ठेवले आहे. पाण्यावर तरंगणारी, बुडाला छिद्र असलेली घटिका भरून बुडाली की धातूच्या थाळीवर टोला पडे. त्याचा एक लाभ अफीफ हाच सांगतो की आभाळ भरून आलेले असले तरी नमाजाची वेळ कळे. घटिका हिंदुस्थानी, 'तास' म्हणजे थाळी हा शब्द फारसी. मराठीत साठ मिनिटांना आपण 'तास' म्हणतो आणि यंत्राला घटिकेवरून आलेले 'घड्याळ' म्हणतो. मराठी भाषेने दोघांना शेजारी बसवले ते असे. पुढे बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात घडियालींच्या टोल्यांची पद्धत वर्णिली आहे, आणि टोल्यांवरून प्रहर कोणता तेही कळावे म्हणून त्यात सुधारणा केल्याचे नोंदवले आहे. रात्री जाग आलेल्या माणसाला नुसते टोले ऐकून काय कळणार, ही त्याची तक्रार रास्त होती.

तर वेळ प्रत्येक गावाची आपापली होती. रेल्वे आल्यावर ते चालेना. १८७० नंतर हिंदुस्थानातल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावू लागल्या, ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे रेल्वेपेक्षा अर्धा तास मागे. कलकत्त्याची ५ तास ५४ मिनिटे. मग १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. मुंबईला हे इतके झोंबले की गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या आणि नगरपालिकेने आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच शहरात स्टेशनची वेळ वेगळी, पालिकेची वेगळी.

आपल्या चंद्रपूरचे काय? हे गणित मी आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहिले. चंद्रपूर ७९.३ रेखांशावर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपली सूर्याची वेळ ग्रिनिचच्या ५ तास १७ मिनिटे पुढे येते. मद्रासच्या रेल्वेवेळेपेक्षा अवघी चार मिनिटे मागे. म्हणजे कोळशासाठी वरोऱ्यापर्यंत आगगाडी आली त्या काळात आमच्या भागात रेल्वेचे घड्याळ आणि मशिदीचा सूर्य जवळजवळ एकच वेळ सांगत होते! मुंबईला जो त्रास झाला तो आम्हाला झालाच नाही. १९०६ ने रेल्वेचे घड्याळ नऊ मिनिटे पुढे नेले आणि सूर्याशी तेरा मिनिटांचे अंतर पडले. आजही वर्षाची सरासरी धरली तर चंद्रपुरात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात १२ वाजून १३ मिनिटे झालेली असतात. मुंबईत ३९. रमजानात मुंबईच्या नातेवाइकांच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी आम्ही रोजा सोडतो, ते यामुळे. मुले खूश झाली. एकीने विचारले, "टीचर, फिर असली टाइम कौन-सा?" मी म्हटले, रोज्यासाठी सूर्याचा, शाळेसाठी घड्याळाचा, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी माझा.

दादांच्या उमेदीत आणखी एक गोंधळ झाला. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ रोजी सरकारने देशाची घड्याळे एक तास पुढे केली, ती १५ ऑक्टोबर १९४५ ला मागे घेतली. सहेरी-इफ्तारचे तक्ते बनवणाऱ्यांची तेव्हा काय तारांबळ उडाली असेल! बल्लारशाह हे तर दोन रेल्वेंच्या सांध्यावरचे स्टेशन. उत्तरेकडून इंग्रजांची जी.आय.पी., दक्षिणेकडून काझीपेठहून निजामाची रेल्वे. १९२९ मध्ये हा मार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडली गेली. सांधा बदलणाऱ्या माणसाची दोन मिनिटांची चूक म्हणजे काय, ते सांगायला नको. दादांसाठी घड्याळ हे शौक नव्हते.

तरीही ते त्यांनी नवे घेतले नव्हते. मोठ्या फुफूंनी सांगितले की लढाई संपल्यावर घरी परतलेल्या एका फौजीला पैशांची गरज होती, त्याच्याकडून दादांनी हप्त्याने घेतले. म्हणजे आमचेही 'प्री-ओन्ड'च!

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईत स्विस घड्याळांची आयात आवळली गेली. १८६५ पासून मुंबईत व्यवहार असलेल्या फाव्र-ल्युबाची 'सी किंग', 'सी चीफ' ही घड्याळे साठच्या दशकात वकील-प्राध्यापकांच्या हातात दिसत. बाकी चोरट्या मार्गाने किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून येई. कोकणातल्या आपल्या घरांत आजही अशी घड्याळे निघतात आणि त्यासोबत कोणत्या मामूंनी कोणत्या बंदरावरून आणले याची कहाणी निघते. १९६१ मध्ये बेंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ची घड्याळे बनू लागली आणि पंडित नेहरूंच्या हस्ते ती लोकांसमोर आली. 'जनता' हे त्यातले सर्वांचे लाडके. देवनागरी आकड्यांची जनता निघाली, अंध व्यक्तींसाठी ब्रेलची घड्याळे निघाली. श्रीनगरलाही एच.एम.टी.चा कारखाना होता.

अब्बांच्या निकाहात सासरकडून एच.एम.टी. मिळाले होते. घड्याळ, सायकल, रेडिओ ही त्या काळची तिकडी. त्याला 'तोहफा' म्हणायचे, पण नानांनी ते घड्याळ उधार पैशांनी घेतले होते हे अम्मीने मला फार उशिरा सांगितले. त्यामुळे 'जनता'च्या गोड आठवणी लोक सांगू लागले की माझ्या मनात हेही येते. १९८०च्या दशकात टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली, चावी द्यायची सवय मोडली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर तीच 'जनता' लोक चढ्या भावाने शोधू लागले.

आणि इथेच रीडायल येते. जुनी वेस्ट एंड, फाव्र-ल्युबा, एच.एम.टी. घड्याळे भंगारातून गोळा करायची, एकाची मशीन दुसऱ्याच्या पेटीत बसवायची, डायल खरवडून लाल-निळी रंगवायची आणि विकायची, असा मोठा धंदा मुंबईत वाढला. जगभरच्या शौकिनांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे कुत्सित नाव पडले आहे. ओळखू येतात. मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत, तळाची 'स्विस मेड' ही बारीक अक्षरे गायब असतात, कंपनीने कधी न काढलेले रंग असतात. मला हसणाऱ्यांत सामील व्हायचे नाही. भिंग लावून हे काम करणारे हात बरेचदा आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत, त्यांची चूल त्यावर पेटते, आणि ज्या गिऱ्हाइकाला चकचकीतच हवे त्याला ते चकचकीत देतात. मीही तेच मागणार होते. पण जुने नवे म्हणून, जोडलेले अस्सल म्हणून खपवणे ही मात्र फसवणूकच.

(एक सावधगिरी. काळोखात चमकणाऱ्या जुन्या डायलवर रेडियम असू शकते. चमक विझली तरी रेडियम शेकडो वर्षे तसेच राहते. अशी घड्याळे मुलांना उघडायला किंवा खरवडायला देऊ नयेत.)

न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचे रोलेक्स डेटोना सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. त्याच्या पाठीवर बायकोने गाडी जपून चालवण्याची विनवणी कोरून घेतली होती. घड्याळ पोलादी, सोन्याचेही नाही. किंमत होती ती कोणाच्या हातात होते आणि काय काय तसेच राहिले याची. आमच्या घड्याळाला कोणी लिलावात बोलावणार नाही. त्याच्या डायलवरचा 'सोवार' शब्द रंगाखाली गेला तर दादांचा पुरावा म्हणून आमच्याकडे दुसरे काय आहे? त्यांचा फोटोसुद्धा नाही.

मुंबईहून आल्यावर मी पुन्हा गोल बाजारात गेले आणि म्हटले, "चाचा, डायल को हाथ मत लगाइए." त्यांना थोडे नवल वाटले. मग त्यांनी मागचे झाकण उघडले आणि भिंग माझ्या हातात दिले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. दुरुस्ती करणारा आपली खूण आणि तारीख अशी कोरून ठेवतो, म्हणजे घड्याळ परत आले तर ओळखता येते. तीन तारखा होत्या. पहिली उर्दू आकड्यांत, १९४६ ची. राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दुसरी इंग्रजी आकड्यांत, १९५३ ची. मधल्या काळात सप्टेंबर १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेली होती आणि १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत मिसळली होती. तिसरी देवनागरीत, १९६२ ची. तोवर राजुरा हैदराबादमधून निघून, नांदेड जिल्ह्यात राहून १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आले होते आणि महाराष्ट्र राज्य झाले होते. दादांनी गाव सोडले नाही. राज्ये येऊन-जाऊन त्यांच्या घड्याळाची लिपी बदलत राहिली. १९४६ ते १९५३ या सात वर्षांत घड्याळ कोणाकडेच दुरुस्तीला का गेले नाही, हे फुफूंना विचारले तर त्या म्हणाल्या, "उस वक़्त घड़ी का किसको होश था." त्यापुढे बोलल्या नाहीत.

चाचांनी मशीन धुऊन तेल दिले, मुख्य स्प्रिंग आणि काच बदलली. डायल तशीच डागाळलेली आहे. घड्याळ दिवसाला चार मिनिटे मागे पडते, रोज सकाळी चावी देताना मी ते मिळवून घेते. झाकण लावण्याआधी त्यांनी सुई घेतली आणि विचारले, "बेटी, किसमें लिखूँ?" मी म्हटले, "जिसमें आपकी आदत हो." त्यांनी इंग्रजी आकड्यांत तारीख कोरली आणि शेजारी, इतके छोटे की भिंगाशिवाय दिसणार नाही, आपल्या नावाचे पहिले अक्षर उर्दूत.